त्रैक्याची फाईल: लॅटरनचं वाक्य घातलं आणि चौथा घटक उगवला

ख्रिस्ती त्रैक्य (एकच देव, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती) तर्कयंत्राच्या फाईलमध्ये विसंगतीशिवाय मांडता येतं का, ते मी तपासतोय. मागच्या नोंदीपर्यंत ती फाईल झकास चालत होती. 'दे' (तोच देव) आणि 'व्य' (तीच व्यक्ती) असे दोन संबंध, दोन्ही सममित (उलटही लागू) आणि संक्रमक (साखळीने पुढे जाणारे). पिता, पुत्र, आत्मा एकमेकांशी 'दे' आहेत, 'व्य' मात्र कुणी दुसऱ्याशी नाही. मॅस-४ने (दिलेली सगळी विधानं खरी ठरतील असं छोटं जग, म्हणजे मॉडेल, शोधणारा प्रोग्राम) तीन घटकांचं मॉडेल चटकन काढून दिलं होतं, म्हणजे निदान विसंगती नाही. त्याच फाईलमध्ये कॅथलिक चर्चच्या १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेचं वाक्य घातलं आणि सगळं बिनसलं.

ते वाक्य थोडक्यात असं: एक परम तत्त्व आहे, तेच पिता, तेच पुत्र, तेच पवित्र आत्मा, पण ते तत्त्व स्वतः जन्म देत नाही, जनित नाही, कुणापासून निघतही नाही. फिओरेचा मठाधिपती जोआखिम याचा बाराव्या शतकातल्या धर्मपंडित पीटर लोम्बार्डवर आरोप होता की तुझ्या मांडणीत तीन व्यक्ती आणि वर एक तत्त्व असं चतुष्टय होतं. परिषदेने लोम्बार्डची बाजू घेतली आणि ठणकावलं की देवात त्रय आहे, चतुष्टय नाही.

आता हेच मॅस-४ला सांगून पाहा. तत्त्वासाठी 'त' हा स्थिरांक घ्या. (नाव देताना सांभाळा: मॅस-४ आणि त्याचा जोडीदार, सिद्धता शोधणारा प्रूव्हर-९, दोन्ही यू ते झेड या अक्षरांनी सुरू होणारं नाव चल समजतात.) 'त' तिघांशीही 'दे' आहे एवढंच लिहिलं, तर तीन घटकांचं मॉडेल टिकतं, कारण दोन स्थिरांक वेगळे आहेत असं बजावल्याशिवाय मॅस-४ त्यांना खुशाल एकाच घटकावर बसवतो. इथे 'त' चक्क पित्यावर जाऊन बसतो. मग लॅटरनचे तीन नकार घाला. 'त' पिता होऊ शकत नाही, कारण पिता जन्म देतो. पुत्र होऊ शकत नाही, कारण पुत्र जनित आहे. आत्मा होऊ शकत नाही, कारण आत्मा निघतो. आकार ३चा शोध रिकाम्या हाताने संपतो आणि आकार ४ला मॉडेल मिळतं. जोआखिमचा आरोप यंत्राने बिनबोभाट मान्य केला म्हणायचा. (आत्मा पुत्रापासूनही निघतो की नाही, हा पूर्व-पश्चिम वाद वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. या निकालावर त्याचा परिणाम नाही.)

'त' हीसुद्धा एक व्यक्तीच आहे असं म्हणून सुटका नाही. व्यक्ती तीनच हे स्वयंसिद्धक (गृहीत नियम) आधीपासून आहे, त्यामुळे 'त'ला तिघांपैकी कुणाशी तरी 'व्य' व्हावं लागेल, आणि 'व्य'मधून सगळी विधेयं ('जन्म देतो'सारखी, घटकाविषयीची वर्णनं) आरपार जातात. पित्याशी 'व्य' झाला की 'त' जन्म देऊ लागला.

एक जुना उपाय म्हणजे नावंच काढून टाकणं. तत्त्वज्ञ व्हॅन इनवॅगनच्या १९८८च्या लेखात तसंच आहे: एकवाची पदं (एकाच गोष्टीची नावं) नाहीत, फक्त विधेयं आणि संख्यापक ('प्रत्येक', 'कुणीतरी'). पण मॅस-४ला डोमेन (घटकांचा संच) लागतंच, आणि डोमेनमधली मोजदाद साध्या '='नेच होते. निरपेक्ष तादात्म्य असं काही नसतंच, दोन गोष्टी 'तोच देव' किंवा 'तीच व्यक्ती' अशाच एक असतात, ही तत्त्वज्ञ गीचची १९६७ची भूमिका या साधनात खाली पायाशीच मोडते. मॅस-४ मला अजूनही प्रिय आहे, छोट्या मॉडेलसाठी त्याच्याइतकं चटपटीत काही नाही. या कामाला मात्र प्रकार (टाइप) पाळणारं साधन हवं.

म्हणून लीन-४, सिद्धता तपासणारी प्रोग्रामिंग भाषा. एक प्रकार, त्यात तीन घटक. त्यावर दोन सेटॉइड (समतुल्यतेचे संबंध): 'दे' सगळ्यांना जोडतो, 'व्य' प्रत्येकाला फक्त स्वतःशी. दोन्ही इन्स्टन्स (लीन आपोआप शोधून वापरतो अशी नोंद) म्हणून जाहीर करू नका. एकाच प्रकारावर दोन सेटॉइड इन्स्टन्स असले की घटकाचा वर्ग दाखवणारी चौकटी कंसांची खूण त्यातला एकच उचलते, बहुधा शेवटी लिहिलेला, आणि व्यक्ती मोजताना देव मोजले जातात. साधी व्याख्या करा आणि कोशंटला (संबंधाने जोडलेल्यांचा एकेक वर्ग हाच एक घटक धरून बनणारा प्रकार) दर वेळी सेटॉइड नाव घेऊन द्या. संबंध निर्णेय आहेत (लागू की नाही हे यंत्राला काढता येतं) हेही सांगावं लागतं, नाहीतर मोजणी अडते. एवढं केलं की 'व्य'च्या कोशंटची संख्या ३ येते, 'दे'च्या कोशंटची १, आणि दोन्ही 'डिसाइड' या आज्ञेने एका ओळीत सुटतात. तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं.

खरी गंमत विधेयांची. कोशंटवर विधेय चढवायचं तर ते संबंध पाळतं याचा पुरावा लीन मागतो. 'सर्वशक्तिमान', 'अनिर्मित', 'सनातन' ही अथानेशियन मतांगिकारातली (ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या निवेदनातली) विधेयं तिघांनाही लागू आहेत, म्हणून सहज चढतात. 'जन्म देतो' चढत नाही. पिता आणि पुत्र 'दे' असूनही उत्तरं वेगळी, पुरावा होणारच नाही. कोणतं विधेय तत्त्वाचं आणि कोणतं व्यक्तीचं, याची यादी हाताने करायला नको, हा मोठाच फायदा. पण 'तत्त्व जन्म देत नाही' हे वाक्य आता असत्यही नाही आणि सत्यही नाही. ते टाइपच होत नाही, म्हणजे लीन ते विधान म्हणून घेतच नाही. परिषद ते सत्य म्हणते. चौथा घटक गेला, पण लॅटरनचं वाक्यही त्याच्यासोबत गेलं.

यावर सुचलेली वाट अशी: न चढणारं विधेय दोन पद्धतींनी चढवता येतं. 'वर्गातला प्रत्येक घटक जन्म देतो' किंवा 'वर्गातला कुणीतरी जन्म देतो'. संख्यापक आत घेतला की दोन्ही संबंध पाळतात, लीनची तक्रार नाही. पहिल्या चढणीत 'तत्त्व जन्म देतं' असत्य निघतं, कारण पुत्र जन्म देत नाही. 'जनित आहे', 'निघतं' हेही असत्य. लॅटरनचे तिन्ही नकार सिद्ध झाले, चौथा घटक न आणता! दुसऱ्या चढणीत 'देव जन्म देतो' सत्य येतं. तेराव्या शतकातल्या धर्मपंडित अक्विनासने 'सुम्मा' या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, ३९व्या प्रश्नात, नेमकी हीच वाटणी केली आहे: देवाने देवाला जन्म दिला असं म्हणायला परवानगी, तत्त्वाने तत्त्वाला जन्म दिला असं म्हणायला मनाई. तिथे ती पद कुणाकडे निर्देश करतं त्यातून येते, इथे संख्यापकातून. पण दोन्ही याद्या आतापर्यंत ओळीने जुळताहेत.

फक्त नकार कुठे बसतो ते बघा. 'प्रत्येक'वाली चढण नकाराशी अदलाबदल करत नाही. 'तत्त्व जनित आहे' असत्य, आणि 'तत्त्व अजनित आहे' हेही असत्य, कारण पुत्र अजनित नाही. लॅटरनचा नकार बाहेरचा वाचायचा; आत ढकलला की फाईल लाल होते, म्हणजे लीन चूक दाखवतो. याचा एक आयता लाभ मिळतो. चौथ्या शतकातल्या युनोमियसचा दावा होता की अजनित असणं हेच देवाचं तत्त्व, म्हणून पुत्र त्या तत्त्वाचा नाही. इथे त्याचं पहिलंच पाऊल नाकारलं जातं. अर्थात आपण 'दे' आधीच गृहीत धरलाय, त्यामुळे हे खंडन नव्हे. तो गृहीतकावरच बोट ठेवील.

आणि आता जिथे गाडी अडली आहे ते. हाच कोड येशूचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांच्यावर चालवा: 'दे'च्या जागी 'तोच मनुष्यस्वभाव'. एकही ओळ न बदलता तीन व्यक्ती, एक मनुष्य! चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, याला आब्लाबियसने विचारलेला प्रश्न तोच, उदाहरणातली माणसंही तीच. म्हणजे कोशंट मोजण्याने तीन देव टाळले जात नाहीत, फक्त कुठल्या पातळीवर मोजायचं ते आपण ठरवून घेतो. प्रत्येक व्यक्ती देव आणि व्यक्ती तीन, मग देव तीन का नाहीत, ही तत्त्वज्ञ कार्टराइटची १९८७ची तक्रार जागच्या जागी आहे.

आधी बेत होता ब्रोअर आणि रे या तत्त्वज्ञांच्या २००५च्या मांडणीकडे वळायचा: व्यक्ती म्हणजे (तत्त्व, संबंध) अशी जोडी, आणि पहिला भाग समान तर 'दे'. लिहायला पाच ओळी. पण पेत्राची जोडीही तशीच करता येते, आणि जोडी म्हटली की देव घटकांचा बनलेला ठरतो. साधेपणाचा सिद्धान्त (देवाला भाग नाहीत) मानणारे लगेच अंगावर येतील. हे लिहितानाच तो बेत मागे टाकतोय.

ग्रेगरीचं स्वतःचं उत्तर जास्त कामाचं दिसतं: देवाची प्रत्येक कृती पित्यापासून निघते, पुत्रातून जाते, आत्म्यात पूर्ण होते, माणसांच्या कृती सुट्या असतात. कोडमध्ये हे स्वयंसिद्धक म्हणून घालता येईल: बाहेरच्या जगावरची प्रत्येक कृती 'दे' पाळते. पेत्र मासे धरतो तेव्हा योहान धरतोच असं नाही, म्हणून ती फाईल तिथेच पडेल. अडचण देहधारणाची (देवाने माणूस होण्याची), कारण देह एकट्या पुत्रानेच घेतला. त्यासाठी कृतीला दोन जागा द्यायच्या, कर्ता आणि कृती जिथे पोचते तो शेवट; कर्त्याची जागा 'दे' पाळेल, शेवटाची 'व्य'. देह धारण करवणं तिघांचं, धारण होणं पुत्राचं, ही वाटणीही अक्विनासकडे आहेच. आधी आयझाबेल या सिद्धता-साधनात, त्यातल्या निटपिककडून, प्रतिमॉडेल (विधान खोटं पाडणारं मॉडेल) शोधून घेणार. त्याच्या तोडीचं लीनमध्ये मला काही सापडलेलं नाही. तिथे टिकलं तर लीनमध्ये उतरवायचं. शेवटाच्या जागेत 'त' घातल्यावर काय होतं, ते मॅस-४मध्ये कुणी आकार ६पर्यंत चालवून पाहिलं तर मॉडेल इथे डकवा.