ग्रँड कॅनियनच्या यजमानांना भेटताना

लास वेगासहून सकाळी निघणाऱ्या बसने ग्रँड कॅनियन पाहायला गेले, तर दक्षिण काठावर हाताशी जेमतेम काही तास उरतात. तेवढ्या वेळात माणूस मॅथर पॉइंटवर फोटो काढतो, काहीतरी खाऊन घेतो आणि पुन्हा बसमध्ये जाऊन बसतो. या दरीत पिढ्यान्‌पिढ्या कोणी राहत होते आणि आजही राहते, हे अशा भेटीत कळण्याची शक्यता फार कमी. फिनिक्सला मावसभावाकडे मुक्काम असल्यामुळे मला सवड होती. म्हणून दरी पाहताना तिच्या माणसांविषयी काय सांगितले जाते, आणि मुख्य म्हणजे ते कोण सांगते, याकडे लक्ष द्यायचे ठरवून मी गेले. हवासुपाई, होपी, हुआलापाई, नावाहो, झुनी, यावापाई-अपाचे आणि पायूट लोकांचे निरनिराळे गट मिळून 11 आदिवासी समाजांचे या दरीशी वंशपरंपरेने नाते आहे, हे राष्ट्रीय उद्यान आता अधिकृतपणे मानते.

काठावरच्या वस्तीत एल टोवार हॉटेलच्या शेजारी होपी हाउस नावाची दगडी इमारत आहे. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी ओरायबी या होपी गावातील घरांच्या धर्तीवर ती आखली आणि 1905 साली ती बांधून झाली. रेल्वे काठापर्यंत पोहोचून तेव्हा चारच वर्षे झाली होती. गाडीने येणाऱ्या प्रवाशांना ‘खरे इंडियन’ पाहायला मिळावेत म्हणून होपी कुटुंबांना या इमारतीत राहायला आणले गेले. दिवसा त्यांनी मडकी आणि टोपल्या कराव्यात आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे नाचावे, अशी व्यवस्था होती. नाम्पेयो ही मातीकामातील नामवंत कलावती इथे सुरुवातीलाच येऊन राहिली होती. तिच्या हाताच्या भांड्यांना आज संग्रहालयांत मानाची जागा आहे, परंतु त्या काळच्या प्रवाशांनी तिच्याकडे कलावंत म्हणून किती पाहिले असेल आणि गंमत म्हणून किती, हा प्रश्न मला त्या ठेंगण्या दारातून आत जाताना पडल्यावाचून राहिला नाही. इमारतीत आता भेटवस्तूंचे दुकान आहे.

तिथून पूर्वेला सुमारे 40 किलोमीटरवर डेझर्ट व्ह्यू येते. इथला दगडी टेहळणी बुरूजही कोल्टर यांचाच, 1932 सालचा. बाहेरून तो एखाद्या जुन्या पडक्या मनोऱ्यासारखा दिसावा याची काळजी घेतलेली आहे. आत मात्र भिंतींवर फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराचा हात फिरलेला आहे. कोलोरॅडो नदीतून पोकळ खोडात बसून दूर गेलेल्या आणि सर्पकुळातील वधू घेऊन परतलेल्या तरुणाची होपी कथा त्यांनी पहिल्या मजल्यावर एका मोठ्या वर्तुळात रंगवली आहे. अरुंद जिन्यावर गर्दी पुढे रेटत असते, तरीही त्या वर्तुळापाशी थांबायला हवे.

या बुरुजाच्या आवारात उद्यानाचा एक उपक्रम चालतो. त्या 11 समाजांतील कारागीर आळीपाळीने येऊन आपले काम करत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. मी गेले त्या दिवशी एक होपी चांदीकारागीर होते. त्यांच्यापुढे चांदीचे दोन पातळ पत्रे होते. वरच्या पत्र्यातून केसासारख्या बारीक करवतीने ते ढगांची आणि पावसाच्या सरींची नक्षी कापून काढत होते. करवतीचे पाते मध्येच तुटले, तेव्हा त्यांनी न बोलता दुसरे चढवले आणि कापलेल्या रेषेत नेमके त्याच जागी टेकवले. ही जाळी खालच्या अखंड पत्र्यावर झाळून बसवतात, खोलगट भागावर बारीक टाचे मारून तो गंधकाच्या द्रावणाने काळा करतात आणि वरचा भाग घासून उजळतात, म्हणजे काळ्यावर पांढरी नक्षी उठून दिसते. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या होपी सैनिकांना हे काम शिकवण्यासाठी 1940 च्या दशकाच्या अखेरीस वर्ग भरवले गेले आणि ते शिकवणाऱ्यांत बुरुजातील चित्रे काढणारे काबोटी होते, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

पावसाची नक्षी का, असे विचारल्यावर त्यांनी कारागिरी बाजूला ठेवून शेतीचे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गावाकडे मका पाटाच्या पाण्याशिवाय पिकवतात, बी वीतभर खोल ओलीत पेरतात, आणि अशा वाळवंटात टिकणारे बियाणे घराघरांतून जपलेले असते. कोरडवाहू शेती पाहत वाढलेल्या माणसाला यावर पुढचे दहा प्रश्न सुचतात. मी ते विचारले आणि त्यांनी न कंटाळता उत्तरे दिली. काही गोष्टी गावाबाहेर सांगायच्या नसतात, असे एका प्रश्नावर त्यांनी सरळ सांगितले. मला तो क्षण या उपक्रमातील सर्वांत मोलाचा वाटला, कारण काय दाखवायचे आणि काय राखून ठेवायचे हे इथे तेच ठरवत होते. होपी हाउसच्या अंगणात 1905 साली ही मुभा कितपत होती, कोण जाणे.

परतीच्या रस्त्यावर मराठी माणसाला सुखावणारी एक गोष्ट भेटते, ती म्हणजे दरीतील एका उंच सुळक्याचे विष्णू टेंपल हे नाव. शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल, कृष्णा श्राइन अशी नावेही नकाशावर आहेत. ही पद्धत 1880 च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने पाडली. दरीचे शिखर-समूह त्याला पौर्वात्य मंदिरांसारखे वाटले होते. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा मोह मलाही झाला आणि मी तो टाकला. तरी दरीत राहणाऱ्यांना न विचारता हजारो मैलांवरच्या आपल्या देवांना तिथे जागा मिळाली, याचा अभिमान नेमका कशासाठी बाळगायचा, हे मला ठरवता आले नाही.

दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने उतरले. पहिला बोगदा ओलांडल्यावर मान वर केली तर कड्याच्या पोटात लाल रंगातील जुनी चित्रे दिसतात. बहुतेक जण पायाखालची खेचरांची लीद चुकवण्यात गुंतलेले असल्यामुळे ती पाहायची राहतात. ही वाट मुळात हवासुपाईंची. सुमारे सव्वासात किलोमीटर उतरल्यावर झऱ्याचे पाणी आणि कॉटनवुडची दाट झाडी लागते. तिथे ते मका, घेवडा आणि भोपळा लावत, आणि हिवाळ्यात पठारावर चढून शिकार करत. सरकारने 1882 साली त्यांच्यासाठी दरीच्या एका फाट्यातील 518 एकर राखून ठेवले. पठार मात्र त्यांच्या हातून गेले. 1919 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1928 साली झऱ्याकाठचा शेवटचा रहिवासी, कॅप्टन बुरो, याला उद्यानाने तिथून घालवून दिले. त्याच वर्षी नदीवरचा झुलता पूल पूर्ण झाला. त्याचे सुमारे टनभर वजनाचे एकेक लोखंडी दोर 42 हवासुपाई पुरुषांनी रांगेने खांद्यांवर घेऊन दरीत उतरवले होते. आज त्या पुलावरून चालणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

या जागेला पूर्वी इंडियन गार्डन म्हणत. हवासुपाईंच्या मागणीवरून नोव्हेंबर 2022 मध्ये तिचे नाव हवासुपाई गार्डन्स झाले आणि पुढच्या मे महिन्यात काठावर त्याचा सोहळा झाला. पाट्या बदलल्या आहेत आणि तिथून घालवून दिल्याचा इतिहास उद्यान आता लपवत नाही. हे चांगलेच झाले. पण पाटी बदलणे आणि जमीन परत करणे यांत माझ्या लेखी दुसऱ्याचे वजन कितीतरी अधिक आहे, आणि तेही इथे घडले आहे. कितीतरी वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 3 जानेवारी 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने हवासुपाईंना पठारावरील सुमारे 1,85,000 एकर जमीन परत मिळाली, शिवाय उद्यानातील 95,000 एकरांवर पारंपरिक वापराचा हक्कही मिळाला. पर्यटकांना हा कायदा एखाद्या तरी ठळक फलकावर वाचायला मिळावा, असे मला फार वाटले.

सगळे मिटले आहे असे मात्र नाही. ऑगस्ट 2023 मध्ये दरीच्या आसपासची सव्वानऊ लाख एकरांच्या घरातली जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. तिच्या नावात हवासुपाई आणि होपी दोन्ही भाषांचे शब्द आहेत आणि तिथे युरेनियमच्या नव्या खाणींना मनाई आहे. आधीपासून हक्क असलेली एक खाण मात्र त्यानंतरच उत्पादनाला लागली. भूजल दूषित झाले तर आपल्या गावाचे झरे जातील, या भीतीने हवासुपाई तिला विरोध करत आले आहेत.

ते गाव म्हणजे सुपाई. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून सुमारे 13 किलोमीटर पायी, खेचरावर किंवा हेलिकॉप्टरनेच तिथे जाता येते आणि टपालही खेचरांवरूनच येते. निळ्याहिरव्या धबधब्यांचे फोटो पाहून तिथे जावेसे वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. परवाना हवासुपाई समाज स्वतः देतो, मुक्कामाचे आरक्षण नसेल तर प्रवेश मिळत नाही, आणि कोविडच्या काळात त्यांनी मार्च 2020 पासून जवळजवळ तीन वर्षे गाव पर्यटकांसाठी बंद ठेवले होते. परवान्यासाठी मी अर्ज केला आहे, अजून नंबर लागलेला नाही.