पाणी दिसत असताना आम्ही घर का सोडलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याची नणंद विचारते, लग्नाकार्यात भेटलेली माणसं विचारतात. सांगलीची म्हटलं की पुढचा प्रश्न हाच: "भोंगा लावून गाड्या फिरत होत्या, पाण्याचे आकडे फोनवर येत होते, मग 2019 च्या पुरात वेळेत बाहेर का नाही पडलात?" विचारण्यात थोडा रागही असतो, हट्टी माणसं म्हणून.

हट्ट नव्हता. गावभागातल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. 40 फूट इशारा, 45 धोका. पण डोक्यात बसला होता तो 2005 चा आकडा. तेव्हा पाणी 54 फुटांच्या आसपास गेलं, आमच्या बाहेरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला टेकलं आणि उतरलं. तेव्हापासून ती पायरी आमची मोजपट्टी. "2005 ला इथवर आलं होतं, त्याच्यावर काय येतंय?" 2019 च्या ऑगस्टमध्ये हे वाक्य मी ज्याच्या-त्याच्या तोंडी ऐकलं, आणि स्वतःही बोलले.

पण याहून मोठं कारण समोरच्या घरात होतं. वीज गेलेली. समोरच्या काकूंच्या खिडकीत चार्जिंगचा दिवा दिसायचा. रात्री मी तीनदा उठले, तिन्ही वेळा तो बघितला. ते आहेत ना अजून, मग आपण कशाला घाई करायची? सामान वरच्या मजल्यावर नेलं, गॅसची टाकी दोरीनं बांधली आणि बसलो. सकाळी गल्लीत कंबरेच्या वर पाणी. पुढं ते 57 फुटांच्याही वर गेलं. सासूबाईंना नवव्या पायरीवरून बोटीत उतरवलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

नंतर सांगलीतल्याच विश्रामबाग भागात काकू भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा दिवा दिसत होता गं. म्हटलं, हे लोक आहेत तोवर काय होत नाही."

मी तिथंच खाली बसले.

बिब लाटाने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला खोलीत प्रश्नावली भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायचा. एकट्यानं बसलेल्या दर चारांपैकी तिघं उठून सांगायला गेले. पण ज्याच्या शेजारी मुद्दाम गप्प राहणारे दोघे बसवले होते, अशा दहातला जेमतेम एक उठला. बाकीचे डोळे चोळत, हातानं धूर बाजूला सारत लिहीत राहिले. नंतर कुणी म्हणालं, वाफ असेल. त्यांना मूर्ख म्हणवत नाही मला. प्रत्येक जण शेजाऱ्याचा शांत चेहरा बघून धोका नाही असं ठरवत होता. खऱ्या आयुष्यात तर तो शेजारीही आपलाच शांत चेहरा बघत असतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे दोन दिवे तेच तर करत होते. एरवी ही सवय उपयोगाचीच असते. नव्या गावात कुठल्या हॉटेलात जेवावं, एसटी कुठं थांबते, हे आपण माणसं बघूनच ठरवतो. पाण्याच्या बाबतीत मात्र शेजाऱ्यालाही आपल्याइतकंच कमी कळत असतं.

जुलै 2021 ला पुलाजवळ चाळीस फूट झाल्याचं कळलं तेव्हा पाऊस थांबलेला, गल्ली कोरडी. ह्यांना म्हटलं, आत्ताच निघायचं, आणि सगळ्यांना दिसेल असं. बॅगा दारात मांडल्या. सासूबाईंना रिक्षात बसवलं. मग काकूंच्या दारात जाऊन म्हटलं, "आम्ही निघालो. आज रात्री आमचा दिवा दिसणार नाही."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत वळून काकांना म्हणाल्या, "अहो, गोळ्यांचा डबा घ्या आधी." आमची रिक्षा वळेपर्यंत गल्लीतल्या आणखी दोन घरांसमोर पिशव्या आल्या होत्या.