माझा हिडन ऑब्जेक्टचा ढीग: रेव्हनहर्स्ट परत काढला, एनिग्मॅटिस संपला, मशिनेरियम मध्यावर

मंडळी, हिडन ऑब्जेक्ट म्हणजे गर्दीने भरलेल्या चित्रात, म्हणजे सीनमध्ये, यादीतल्या लपवलेल्या वस्तू शोधायचे कॉम्प्युटर गेम. त्यांची आणि त्यांच्या जवळच्या कोड्यांच्या गेम्सची आधी सध्याची स्थिती. एनिग्मॅटिसचा पहिला भाग, म्हणजे द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक, पूर्ण झाला. जुना रेव्हनहर्स्ट, तो 2006 वाला, परत काढलाय आणि शेवटच्या काही खोल्या राहिल्यात. द रूम दुसऱ्यांदा खेळून झाला, हिडन फोक्स झोपायच्या आधी थोडा थोडा चालू आहे, आणि मशिनेरियम मध्यावर मुद्दाम थांबवलाय कारण तो संपूच नये असं वाटतंय.

हे सगळे एकामागोमाग खेळले आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपल्याला आवडणाऱ्या गेममध्ये लपवणारा माणूस इमानदार असतो. वस्तू सापडली की "अरे, ही तर डोळ्यासमोरच होती!" असं तोंडातून निघालं पाहिजे. ते निघालं की आपण जिंकलो आणि लपवणाराही जिंकला, दोघंही खूश. आणि जिथे सापडल्यावर "हे कुणाला दिसणार होतं?" असं वाटतं तिथे गेमची मजा तिथल्या तिथे संपते, मग ग्राफिक्स कितीही भारी असू देत.

लपवायच्या चांगल्या पद्धती कुठल्या ते आता नीट बघायला लागलेय. पुस्तकांच्या कपाटात फूटपट्टी उभी ठेवली की नजर तिला पुस्तकाचा कणा समजून पुढे सरकते, ही मला सगळ्यात आवडलेली जागा. फूटपट्टी पूर्ण दिसतेय, रंग स्पष्ट आहे, आकडेसुद्धा वाचता येतायत, आणि तरी डोळा तिच्यावरून चारदा जातो कारण तिथे पुस्तकंच असणार हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. तसंच पडद्याच्या चुण्यांमध्ये उभा धरलेला पंखा, वेलीच्या नक्षीत गुंडाळलेला साप, झुंबराच्या लोलकांमध्ये लटकवलेलं कानातलं. यात आकार आसपासच्या आकारात मिसळून दिलेला असतो आणि ते करायला चित्रकाराला खरंच डोकं लागतं. वाईट पद्धत म्हणजे वस्तू फिकट करून भिंतीवर भुतासारखी चिकटवून देणे, किंवा छत्री पेन्सिलीएवढी करून कोपऱ्यातल्या अंधारात टाकणे. त्यात शोधणं उरतच नाही, नुसती स्क्रीन घासत बसायची.

याच्या मागे डोळ्यांचं खरंखुरं शास्त्र आहे आणि ते कळल्यापासून मला सीन बघायला अजून मजा येतेय. अ‍ॅन ट्राइझमन आणि गॅरी जेलाड यांनी 1980 साली यावर पेपर लिहिला होता. शोधायची गोष्ट एकाच गुणाने वेगळी असेल, म्हणजे सगळं हिरवं आणि एकच लाल, तर ती आपोआप डोळ्यात भरते, आजूबाजूला दहा वस्तू असोत की पन्नास, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. पण दोन गुण एकत्र बघावे लागले, म्हणजे लाल पण आहेत, उभ्या पण आहेत, आणि आपल्याला जी लाल आणि उभी दोन्ही आहे तीच हवी, तर मग लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं आणि गर्दी वाढली की वेळ वाढत जातो. तांदूळ निवडताना काळा खडा लांबून दिसतो आणि पांढऱ्या खड्यासाठी ताटातला दाणा न दाणा सरकवावा लागतो, साधारण तसंच. चांगला सीन करणारे लोक हे दोन्ही मिसळतात, चार-पाच वस्तू पटकन डोळ्यात भरणाऱ्या देतात म्हणजे हात चालू होतो, आणि उरलेल्या दोन-तीन पांढऱ्या खड्यासारख्या ठेवतात. सगळ्याच अवघड केल्या की माणूस वैतागतो आणि सगळ्याच सोप्या केल्या की मोबाइल हातात घेतो.

आमची मावशी हल्ली संध्याकाळी शेजारी खुर्ची ओढून बसते. माउस तिला हातात नकोच असतो, ती नुसतं बोट दाखवते. "अगं, ते बघ, घड्याळाच्या खाली, किल्ली नाही का ती?" आणि असतेच. तिची पद्धत ठरलेली आहे, डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग खालचा पट्टा, मध्ये उड्या मारायच्या नाहीत. माझी पद्धत उलटी, मी यादी वाचून एकेका वस्तूची जागा मनात ठरवते आणि तिथे बघते. दोघी मिळून खेळलो की फार मस्त जमतं कारण जिथे माझा अंदाज फसवला जातो तिथे तिचा पट्टा बरोबर जाऊन पोहोचतो. दोन जणांनी एका स्क्रीनसमोर बसून, घाई न करता, एकमेकांना बोटं दाखवत खेळता येईल असे कॉम्प्युटर गेम किती आहेत सांगा. मला तर या प्रकाराची ही सगळ्यात मोठी दौलत वाटते.

आता रेव्हनहर्स्ट. मिस्टरी केस फाइल्सची सुरुवात 2005 ला हंट्सविलने झाली, सिअ‍ॅटलच्या बिग फिशने काढलेली मालिका, आणि रेव्हनहर्स्ट हा त्यातला तिसरा. परत खेळताना पहिली जाणवते ती घड्याळाची टिकटिक. तेव्हाच्या गेम्समध्ये टायमर असायचा आणि वेळेत वस्तू शोधाव्या लागायच्या. आता त्याची सवय मोडलीय त्यामुळे सुरुवातीला धाप लागल्यासारखं होतं. मला स्वतःला टायमर नकोच वाटतो, निवांतपणा हाच या गेम्सचा जीव आहे आणि 2008 च्या रिटर्न टू रेव्हनहर्स्टमध्ये त्यांनी तो काढून टाकला ते फारच बरं केलं. पण रेव्हनहर्स्टचे दरवाजे! ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये. दरवाज्यावर कुलूप म्हणून एक अख्खं यंत्र बसवलेलं, इथला खिट्टा ओढला की तिथलं चाक फिरतं, त्याने गोळा घरंगळतो, गोळ्याने अजून काहीतरी उघडतं, आणि तोपर्यंत आपण श्वास रोखून बसलेलो. गोष्टीतल्या एमा नावाच्या बाईच्या डायरीची पानं हळूहळू उलगडत जातात ती वाचायची ओढ आहेच, पण मी तरी दरवाज्यांसाठीच परत आले.

रिटर्नमध्ये अजून एक बदल झाला तो माझ्या मते त्याहून मोठा होता, सापडलेली वस्तू इन्व्हेंटरीत, म्हणजे सोबतच्या सामानात, ठेवायची आणि नंतर दुसऱ्या खोलीत वापरायची. त्याआधी यादीतल्या बारा वस्तू शोधल्या की त्या गायब, त्यांचं पुढे काहीच होत नसे. आता यादीतून एक पक्कड हातात उरते, आणि मग डोक्यात सुरू होतं की मघाशी त्या तळघरात गंजलेली साखळी होती ना, तिथे चालेल का बघू. शोधणं आणि वापरणं हे जोडलं गेलं आणि नुसत्या हिडन ऑब्जेक्टचा पझल अ‍ॅडव्हेंचर झाला. आपण सगळे ज्याला होपा (हिडन ऑब्जेक्ट पझल अ‍ॅडव्हेंचर) म्हणतो ते हेच.

पण इथेही इमानदारी लागते. हातोडी आहे, समोर काच आहे, आणि गेम म्हणतो ही हातोडी या काचेसाठी नाही, दगड शोधून आणा. असलं काही आलं की माझा विश्वास उडतो. वस्तूने जगात जे काम केलं असतं तेच गेममध्ये करू दिलं पाहिजे. नसेल करू द्यायचं तर कारण दाखवा, हातोडीचा दांडा मोडका दाखवा, काचेला जाळी लावा, काहीही करा पण कारण द्या.

एनिग्मॅटिस या बाबतीत फार नीट बांधलाय. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीचा, 2011 चा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं छोटं गाव, हरवलेली मुलगी, आणि आपण डिटेक्टिव्ह. यात पुराव्यांचा बोर्ड आहे, सापडलेले फोटो, चिठ्ठ्या, खुणा सगळं तिथे लागत जातं आणि मग कशाचा कशाशी संबंध आहे ते आपण जुळवायचं. म्हणजे वस्तू सापडली की कुलूपही उघडतं आणि गोष्टही पुढे सरकते. बोर्ड भरत जाताना बघणं हा वेगळाच आनंद आहे, मी तर काही काम नसताना पण उघडून बघत होते.

मिनीगेम्सबद्दल, म्हणजे गेमच्या मधे येणाऱ्या छोट्या कोड्यांबद्दल थोडं, कारण बरेच जण ते स्किप करतात आणि मला वाईट वाटतं. सरकत्या चौकोनांचं कोडं आलं की लोक पळतात. त्यात गंमत अशी की पंधरा तुकड्यांच्या पाटीवर तुकडे कसेही बसवले तर निम्म्या मांडण्या कधीच सुटत नाहीत, कितीही सरकवा, आणि हे 1879 मध्येच गणिताने सिद्ध झालंय. म्हणून गेम बनवणाऱ्याला सुटलेल्या चित्रापासून उलट सरकवत सरकवत ते बिघडवावं लागतं, किंवा मांडणी सुटणारी आहे ना हे तपासून घ्यावं लागतं. सोडवताना आधी वरची ओळ पूर्ण करून तिला हात लावायचा नाही, मग डावा रकाना, असं करत खाली आलं की शेवटचे तुकडे आपसूक बसतात. दिवे विझवायचं कोडं, ज्यात एक दाबला की शेजारचेही बदलतात, त्यात लक्षात ठेवायचं की क्रम महत्त्वाचा नाही आणि तोच दिवा दोनदा दाबला तर काहीच दाबलं नाही असं होतं. एवढं कळलं की वाट्टेल तसं दाबत बसायची गरज नाही. आणि तबकड्यांचे मनोरे आले, म्हणजे तीन खांबांपैकी एकावरून दुसऱ्यावर एकेक तबकडी न्यायची आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही, तर तीन तबकड्यांना सात चाली, चारला पंधरा, पाचला एकतीस, याहून कमीत होतच नाही, त्यामुळे पाच तबकड्या दिसल्या की चहा घेऊनच बसायचं.

द रूम बद्दल मी किती बोलू. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या फायरप्रूफ गेम्सने 2012 ला आधी आयपॅडवर काढला आणि 2014 ला कॉम्प्युटरवर आणला. यादी नाही, गर्दी नाही, एका टेबलावर एक पेटी. तिच्याभोवती फिरायचं, कड्या ओढायच्या, पितळी नक्षीवरून हळूच माउस फिरवायचा, आणि एखादा तुकडा किंचित हलतो तेव्हा जो खट्ट आवाज येतो ना, तो आवाज कुणीतरी मन लावून बनवलाय. दुसऱ्यांदा खेळताना उत्तरं बरीच आठवत होती तरी हात त्या यंत्रावरून निघत नव्हता. त्यातली भिंगाची कल्पना मला अजून भारी वाटते, डोळ्याला लावलं की त्याच लाकडावर आधी न दिसलेल्या खुणा दिसायला लागतात, म्हणजे आपण बघून संपवलेली पेटी परत नवीन होते. हिंटही तिथे टप्प्याटप्प्याने मिळते, आधी नुसता इशारा, मग थोडं स्पष्ट, मग सरळ उत्तर. हिंट अशीच असावी. बाकी बऱ्याच ठिकाणी बटण दाबलं की वस्तूवर थेट चमचम येते, त्याने वस्तू मिळते पण शोधायची मजा कुणीतरी खाऊन टाकलेली असते.

मशिनेरियमची हिंट तर अजूनच वेगळी. चेक लोकांचा गेम, अमानिता डिझाइनचा, 2009 चा. त्यात उत्तरांची वही आहे पण तिला कुलूप, आणि ते उघडायला मधेच एक छोटा नेमबाजीचा खेळ खेळावा लागतो. म्हणजे उत्तर मिळतं पण थोडे कष्ट करून, आणि त्या कष्टापायी माणूस परत स्वतः डोकं लावायला जातो. अख्ख्या गेममध्ये बोलणं नाही, डोक्यावरच्या फुग्यात हलणारी चित्रं फक्त. सुरुवातीचीच जागा घ्या, शहरात शिरायला पहारेकऱ्यासारखं दिसायला हवं, तर रस्त्यावरचा शंकू घ्यायचा, तो निळ्या रंगात बुडवायचा, त्यावर दिवा लावायचा आणि टोपी म्हणून डोक्यावर चढवून रुबाबात पूल ओलांडायचा. कुणी सांगत नाही, पण पहारेकऱ्याकडे नीट बघितलंत तर सगळं त्याच्या डोक्यावरच दिलंय. मावशीने हे माझ्या आधी ओळखलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने लगेच काकांना बोलावून परत दाखवायला लावलं.

हिडन फोक्स (2017) हे अगदीच वेगळं प्रकरण, हाताने काढलेली काळीपांढरी चित्रं आणि सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले. तंबू उघडायचे, झुडपं कापायची, मगरीला टोचून बघायचं. यादीतल्या प्रत्येक माणसावर एक ओळीची सूचना असते आणि ती वाचूनच कुठे बघायचं याचा विचार करावा लागतो. एक सांगते, यात न शोधायच्या गोष्टींवरही क्लिक करा. अर्ध्याहून जास्त मजा तिथेच आहे.

आता पुढचं. रेव्हनहर्स्टच्या राहिलेल्या खोल्या या रविवारी मावशी आली की काढणार, शेवटचा दरवाजा तिच्यासोबतच उघडायचा असं ठरलंय. त्यानंतर ड्रॉन: द पेंटेड टॉवर लावलाय, 2009 चा, त्यात चित्रांच्या आत शिरून फिरायचं असतं म्हणे मनोऱ्यात, आणि एनिग्मॅटिसचे उरलेले दोन भाग, ते मात्र ओळीनेच खेळा कारण गोष्ट पुढे चालू राहते. तुमच्यापैकी कुणाकडे लपवण्याची अशी एखादी जागा असेल, फूटपट्टीसारखी, की बघून मन भरून आलं, तर गेमचं नाव आणि खोली सांगा. वस्तू कुठे होती ते सांगू नका, मी शोधते.