दोरी कुणी धरली

लेकीकडे लंडनला १९ दिवस राहिले. टॉवर पाहिला, ब्रिटिश म्युझियममध्ये पाय दुखेस्तोवर हिंडले, बोटीने ग्रीनिचला जाऊन आले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते फक्त एका रविवारच्या सकाळबद्दल, कारण परत येऊन महिना झाला तरी ती डोक्यातून जात नाही.

मे महिन्यातला दुसरा रविवार. त्या दिवशी हाइड पार्कमध्ये ब्रिटिश घोडदळाच्या रेजिमेंटांमधले जुने आणि नवे सैनिक एकत्र येतात, आपल्या गेलेल्या सोबत्यांची आठवण काढतात आणि स्मारकासमोरून संचलन करतात. मी फौजीची मुलगी. आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. त्यामुळे लेकीने हे सांगितल्यावर मी बाकी बेत रद्द केले.

हाइड पार्क कॉर्नरला स्टेशनातून वर आलं की समोर वेलिंग्टन आर्च, आणि त्यावर चार उधळलेल्या घोड्यांचा रथ. तो घडवणारा एड्रियन जोन्स मुळात सैन्यात घोड्यांचा डॉक्टर होता. वीसहून जास्त वर्षं त्याने घोडी तपासली आणि मग शिल्पाकडे वळला. पार्कमधलं घोडदळाचं स्मारकही त्याचंच. घोड्यावर सेंट जॉर्ज, उंच धरलेली तलवार, घोड्याच्या पायाशी मेलेला ड्रॅगन आणि खालच्या पट्टीवर गोल दौडत जाणारे स्वार. हे १९२४ साली उभं राहिलं आणि रस्ता रुंद करताना १९६१ साली आताच्या जागी आणलं. लेख इंग्रजीत आहे, पण मी तो तिथेच मनात मराठीत म्हटला. साम्राज्याच्या घोडदळाने, लढाईत प्राण दिलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. साम्राज्याच्या म्हणजे त्यात आपलेही स्वार आले.

गर्दी बेताची होती, पण सगळे माझ्यापेक्षा हातभर उंच. बॅण्ड ऐकू येत होता, दिसत काहीच नव्हतं. गवत ओलं, चपला भिजलेल्या. चिडून मागे सरकले तर कडेला एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसलेले. गडद सूट, छातीवर पदकं, डोक्यावर काळी गोल बोलर हॅट, हातात घट्ट गुंडाळलेली छत्री. ते उठले आणि खुर्ची मला देऊ लागले. मी नको म्हटलं. शेवटी त्यांच्या बायकोने पिशवीतून दुसरी खुर्ची काढली आणि मला पुढच्या रांगेत जागा मिळाली. लंडनमधल्या लोकांच्या कोरडेपणाबद्दल मी आधी घरी बरंच बोलले होते. ते मी मागे घेते.

संचलन आलं. शेकडो माणसं, सगळ्यांचा वेष जवळपास तोच, सूट, बोलर आणि छत्री. कुणाची कंबर वाकलेली, कुणी काठी टेकत, पण पाऊल एक. सलामीच्या जागी माना एकदम वळल्या आणि माझ्या तोंडून नकळत निघालं, ‘दाहिने देख.’ लहानपणी २६ जानेवारीला आप्पा ग्राउंडवर हाच हुकूम द्यायचे.

म्हाताऱ्यांनी विचारलं, काय म्हणालात? तिथून आमचं बोलणं सुरू झालं. माझं इंग्रजी अडलं की लेक मदतीला होतीच.

गुडघे गेल्यामुळे दोन वर्षांपासून ते चालत नाहीत, बसून बघतात. त्यांची रेजिमेंट क्वीन्स रॉयल आयरिश हुसार्स. हुसार्स म्हणजे जुन्या काळचं हलकं घोडदळ, पुढे घोड्यांच्या जागी रणगाडे आले. १९९१ च्या आखाती युद्धात ते चॅलेंजर रणगाड्यावर होते. बावीस वर्षं नोकरी झाली आणि १९९३ साली बाहेर पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची रेजिमेंटही दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली. ते म्हणाले, मला निरोप दिला आणि पाठोपाठ मला निरोप देणारं घरच राहिलं नाही.

मी विचारलं, निरोप कसा दिला तुम्हाला?

त्यावर ते खूप वेळ बोलले. मेसमध्ये जेवण झालं. नाव कोरलेला एक मग मिळाला, तो रोज पुसतात असं त्यांच्या बायकोने सांगितलं. पण त्यांना सगळ्यात मोलाचा वाटतो तो रेजिमेंटच्या वार्षिकात त्यांच्यावर छापून आलेला एक परिच्छेद. तिथे सोडून जाणाऱ्या प्रत्येकावर असं चार ओळींचं लिहितात. त्यांचा त्यांना तोंडपाठ होता. रात्रीच्या सरावात त्यांच्या रणगाड्याचा पट्टा निसटला तेव्हा त्यांनी कुणाकुणाला काय शिव्या घातल्या, ते घोरायला लागले की अख्खी तुकडी कशी जागी व्हायची, घरची पत्रं आली की ते आधी दुसऱ्यांची वाटून मग आपलं कसं उघडायचे. आणि शेवटचं वाक्य एवढंच, की त्यांनी शिकवलेली पोरं वाळवंटातून जिवंत परत आली. ते वाक्य म्हणताना त्यांनी संचलनाकडे तोंड फिरवलं.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीला मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. मानपत्रात मी कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय होते. माझ्या आधी निवृत्त झालेल्या बाईही तशाच होत्या, शब्दाला शब्द. मला तेव्हा वाईट वाटलं होतं आणि का ते कळलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसून ते कळलं. आपल्यासोबत राहिलेल्या माणसालाच ठाऊक असेल अशी एकही गोष्ट त्या कागदावर नव्हती.

मग ते आपल्या रेजिमेंटचा इतिहास सांगू लागले. चौथे आणि आठवे हुसार्स १९५८ साली एकत्र येऊन त्यांची रेजिमेंट झाली. १८५४ ला क्रिमियात रशियाविरुद्धच्या लढाईत, बालाक्लाव्हाला, लाइट ब्रिगेडच्या दौडीत दोघेही होते. मग ज्या लढायांची नावं मान म्हणून आठव्यांना मिरवायला मिळाली, ती ते बोटांवर मोजू लागले. लेसवारी, हिंदुस्थान, आल्मा, सेंट्रल इंडिया. मी थांबवलं. लेसवारी म्हणजे आमची लासवारी. १८०३ साली शिंद्यांची फौज तिथे कापली गेली. आणि सेंट्रल इंडिया म्हणजे १८५८ चा जून, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय.

हे बोलावं की नाही, मी घुटमळले. ज्यांनी उठून मला खुर्ची दिली त्यांना हे सांगायचं? पण गप्प बसले असते तर घरी जाऊन झोप लागली नसती. म्हटलं, ‘तुमच्या आठव्या हुसार्सच्या त्या हल्ल्यात आमची झाशीची राणी पडली. माहेरची तांबे. घरात आमचीच भाषा बोलणारी.’

त्या दौडीसाठी आठव्या हुसार्सना चार व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याची ब्रिटिशांची सर्वोच्च पदकं, मिळाले होते, ते त्यांना ठाऊक होतं. समोर कोण होतं हेही ऐकून होते, नाव आठवत नव्हतं. त्यांनी हॅट काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मग विचारलं, तिचं नाव नीट कसं म्हणायचं? मी सांगितलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जवळ आलं, तिसऱ्यांदा ‘लक्ष्मीबाई’ स्पष्ट. माफी त्यांनी मागितली नाही, मला ती नकोही होती. ते नाव त्या जागी त्यांच्या तोंडून नीट ऐकलं, माझं मन भरून आलं.

संचलन सुटल्यावर त्यांचे सोबती येऊन त्यांच्याभोवती जमले आणि मी उठले. निघताना एक राहिलेलं विचारलं. आमच्या फौजेत साहेब बदलून गेला की त्याची जीप दोरीने ओढत गेटपर्यंत नेतात, तसं तुमच्यात आहे का? ते हसले. आहे तर. कर्नलला ओढलं होतं, दोरीला मीही होतो.

त्या रात्री गावी फोन लावला. आप्पा आता ८० वर्षांचे. १९८६ साली ते पेन्शनवर आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. साताऱ्याहून संध्याकाळच्या एसटीने ते उतरणार होते. आई म्हणाली होती, स्टँडवर जा. मी मैत्रिणीकडे खेळत बसले, गेले नाही. ते काळी ट्रंक खांद्यावर घेऊन एकटे घरी आले. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, मीसुद्धा.

‘आप्पा, तुम्हाला निरोप कसा दिला होता हो?’

आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, ‘बडाखाना झाला की. मटण होतं.’

‘भाषण झालं असेल. काय म्हणाले तुमच्याबद्दल?’

फोन इतका वेळ शांत राहिला की मला वाटलं कट झाला. ‘सुभेदार साहेब म्हणाले, ह्या माणसानं बावीस वर्षांत एकदाबी गरम चहा प्यायला नाही. पोस्टवर सगळ्यांना देईस्तोवर ह्याचा निवायचा.’

३९ वर्षं ते वाक्य त्यांच्यापाशी होतं. माझ्या आठवणीत ते घरीही गारच चहा पितात. त्यांना तसाच आवडतो, असंच आम्ही सगळे समजत होतो.

‘आणि जीप? ओढत नेलं का गेटपर्यंत?’

‘मला कसली गं जीप! जीप साहेबांची. दोरी आम्ही धरायची.’ मग जरा थांबून, ‘चार साहेबांची धरलीय.’

‘आप्पा, त्या दिवशी मी स्टँडवर यायला हवं होतं.’

‘अगं, एसटी लेट होती,’ ते म्हणाले. ‘तुला अंधारात थांबावं लागलं असतं.’