तुम्ही विचारलंत म्हणून: बोकेसाठी कुठली लेन्स घेऊ?

गळ्यात कॅमेरा दिसला की लग्नात असो नाहीतर गडावर, कोणीतरी येऊन विचारतंच, "दादा, बोके चांगला यायला कुठली लेन्स घेऊ?" (बोके म्हणजे मांजरं नव्हेत, एवढं आता सगळ्यांना माहितीये.) प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

तर, तुम्हाला बहुतेक वेळा बोके नकोच असतो हो, तुम्हाला मागचं सगळं ब्लर हवं असतं. ब्लर किती, हा डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो याचा मामला. बोके म्हणजे ते ब्लर दिसतं कसं. दिवाळीत मागे दिव्यांच्या माळा घेऊन फोटो काढा, मग बघा ते दिवे मऊ गोल दिसतायत, की फोटोच्या कडेला गेल्यावर चपटे होतायत. कॅननची ५० एमएम एफ १.८ टू नावाची जुनी लेन्स होती, तिच्या ॲपर्चरला (प्रकाश आत येतो ते भोक) पाचच पाती, त्यामुळे जरा स्टॉप डाउन केलं, म्हणजे ते भोक लहान केलं, की मागचा प्रत्येक दिवा पंचकोनी, पूर्ण उघडी ठेवली की गोल. ही झाली बोकेची चर्चा. "खूप बोके आलाय" याला काही अर्थच नाही, पण कुठल्याही पोर्ट्रेटखाली हीच कमेंट, आणि त्याखाली "थँक्यू दादा".

आता माझ्या खरोखर डोक्यात जाणारा शब्द, कॉम्प्रेशन. टेलि, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी लेन्स "मागचं पुढे खेचून आणते" असं अगदी वर्कशॉप घेणारेसुद्धा सांगतात. लेन्स काहीही खेचत नाही, तुम्ही लांब जाऊन उभे राहिलात म्हणून तसं दिसतं. खोटं वाटत असेल तर एकाच जागेवरून २४ एमएमच्या वाइड आणि २०० एमएमच्या टेलि लेन्सने फोटो काढा आणि २४ वाल्याचा मधला तुकडा क्रॉप करा, माणूस आणि मागचा डोंगर यांचं प्रमाण दोन्हीत तेच, फक्त क्रॉपची क्वालिटी गेलेली असेल. कळसामागे मोठ्ठा चंद्र असलेले फोटो असेच निघतात. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो, लेन्स कुठलीही लावा. एक किलोमीटरवरून बघितलं तर तेवढ्या अर्ध्या अंशात जवळपास ९ मीटरची वस्तू बसते, २०० मीटरवरून बघितलं तर पावणेदोन मीटरची, म्हणजे उभा माणूस. मित्र चंद्रात पूर्ण उभा दिसायला हवा असेल तर आधी त्याच्यापासून २०० मीटर मागे जावं लागेल, लेन्सचं नंतर बघू. पण लोक देवळाच्या अंगणातच उभे राहतात आणि चंद्र एवढासाच का आला म्हणून ६०० एमएम भाड्याने आणायच्या गोष्टी करतात.

मॅक्रोचंही तेच झालंय. कासला सप्टेंबरमध्ये जा, जो तो फोन फुलाला टेकवून मॅक्रो काढतोय. खरा मॅक्रो म्हणजे वन इज टू वन, सेंटिमीटरभराचं फूल सेन्सरवरही सेंटिमीटरभर पडलं पाहिजे. बाकी सगळे क्लोजअप, आणि क्लोजअप म्हणायला लाज कसली वाटते कळत नाही. "किती एक्स झूम आहे?" हा अजून एक. ६०० एमएमची प्राइम, म्हणजे एकाच एमएमची लेन्स असते, तिच्यात झूम शून्य, आणि १८-५५ मध्ये तीन एक्स (५५ भागिले १८).

सगळेच शब्द फेकून द्या असं नाही म्हणत मी. 'स्टॉप' हा शब्द मला रोज लागतो, शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० ला नेलं की प्रकाश निम्मा, एक स्टॉप कमी, तोच आयएसओ, म्हणजे फोटो उजळवणारं सेटिंग, दुप्पट करून भरून काढता येतो, एका शब्दात सगळा हिशोब. मायक्रो कॉन्ट्रास्ट (बारीक तपशिलांतला उठाव) आणि थ्रीडी पॉप (माणूस फोटोतून बाहेर आल्यासारखा वाटणं) हे मात्र महाग लेन्स घेतल्यावरच लोकांना दिसायला लागतात असा माझा अनुभव आहे, असो.

हां, लेन्स राहिलीच. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स ५५ वर न्या, ॲपर्चर जेवढं उघडेल तेवढं उघडा (म्हणजे एफचा आकडा लहानात लहान), माणसाला भिंतीपासून दहा-पंधरा फूट पुढे आणा आणि तुम्ही जवळ जा. भिंतीला टेकवून उभं केलंत तर लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. एवढं करूनही मन भरलं नाही तर ५० एमएम एफ १.८ घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. फक्त दुकानदार तिला फास्ट लेन्स म्हणेल तेव्हा ऑटोफोकस फास्ट असेल असं समजू नका, तो प्रकाशाबद्दल बोलतोय.