पाय घसरला म्हणे

म्हातारं माणूस पडून कॅज्युअल्टीत आलं की आमचं ठरलेलं असतं: टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, डोक्याचं सीटी, 'उलटी झाली तर लगेच आणा', आणि घरी. केसपेपरवर कारण, पाय घसरला. फरशी ओली होती का, एवढंही कुणी विचारत नाही.

त्या रात्रीचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कपाळावर आधीच्या टाक्यांची खूण अजून ताजी, आता मनगट मोडलेलं. प्लास्टर झालं, मुलगा गाडी काढायला निघाला. म्हटलं, थांबा, उभ्यानं बीपी घेऊ.

सिस्टरांच्या कपाळाला आठ्या. त्यांचंही बरोबरच. पाच मिनिटं झोपवायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजायचं; दारात अपघाताची गाडी लागलेली असताना एवढा वेळ कुणाला? झोपून वरचं १५२, उभं केल्यावर पहिल्याच मिनिटाला ११८. २० नं उतरलं तरी आम्ही दखल घेतो.

आजोबांनी कॉटचा कठडा घट्ट धरला. "ही बघा, आली अंधारी. रात्री उठलो की अशीच येती."

"मागच्या वेळी सांगितलं नाहीत?"

"डाक्टर म्हनले, पाय घसरला का? म्हनलं, घसरला आसंल."

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. फिजिशियननी दिलेली बीपीची, युरॉलॉजिस्टनी प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन, जिनंही उभं राहताना बीपी उतरतं, आणि झोपेची अल्प्राझोलाम, जी मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर देत राहिलेला. सगळ्या रात्री जेवणानंतर एकदम, विसरायला नको म्हणून. वर लघवीला रात्रीतून दोन-तीनदा उठणं. डॉक्टर आपापल्या जागी चूक नव्हते, पण ही पिशवी एकत्र कुणीच बघितली नव्हती.

सकाळी फिजिशियनना फोन करून गोळ्या आणि वेळा बदलून घेतल्या. झोपेची एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवायला सांगितली. आजोबांना शिकवलं: आधी कॉटच्या कडेला बसायचं, घोटे वरखाली हलवायचे, मग उठायचं, धरून थांबायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

मुलगा म्हणाला, "आता उठूच देत नाही, सर. भांडं तिथंच ठेवतो."

मायेनंच म्हणत होता. बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि पुढचं पडणं खुब्यावर येतं, हे परोपरीनं सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर खुर्चीतून उठबस आणि घरातल्या फेऱ्या ठळक लिहून दिल्या.

प्लास्टर काढायला आणलं तेव्हा आजोबा व्हीलचेअरवर होते.

"एकदाही पडले नाहीत, सर," मुलगा खुशीत म्हणाला.