छापलंच नाही तर पैसे कसले?

"छापलंच नाहीस तर पैसे कसले घेतोस रे?" काल लिफ्टमध्ये सोसायटीतले काका.

त्यांच्या नातवाला माझं आरपीजीचं (एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट खेळायच्या खेळाचं) पुस्तक हवं होतं, ६४ पानी पीडीएफ, ९९ रुपये, चारपाच जणांनी फासे टाकत कोकणातल्या एका बंद वाड्यात शिरायचं वगैरे. काका म्हणे व्हॉट्सअ‍ॅप कर की.

केली. नाही म्हणवेना (नौपाड्यात एकाच मजल्यावर राहतो आम्ही).

पण रात्रभर डोक्यात तेच. कागद नाही, शाई नाही, मान्य, पण वाड्याचा नकाशा काढणारीला मी पैसे मोजलेत, नियम तीन ग्रुपबरोबर खेळून बघितले, दोनदा सगळं मोडून परत लिहिलं. ड्राइव्हथ्रूआरपीजी या अशा पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात, फक्त तिथेच विकलं तर ७० टक्के आपल्या हातात, दुसरीकडे पण विकलं तर ६५. इच डॉट आयओ या दुसऱ्या साइटवर त्यांचा वाटा आपणच ठरवायचा. आता हे सगळं काकांना तीन मजल्यांत कसं सांगणार?

आज नातू भेटला जिन्यात, एकदम खूश. "दादा, स्क्रीनवर वाचायला कंटाळा येतो म्हणून स्टेशनजवळ प्रिंट काढली, पानाला दोन रुपये."

म्हणजे १२८. त्या झेरॉक्सवाल्याशी काकांनी घासाघीस केली असेल का हो?